पिकअप आणि ॲव्हरेज: आधी बेल्ट मोजा

मुरबाड तालुक्यात आजही रेल्वे येत नाही. कल्याणला कामाला जाणारा माणूस एसटीची वाट बघतो, वडापच्या गाडीत स्वतःला कोंबून घेतो किंवा स्वतःची दुचाकी काढतो. शेजारच्या शहापूर तालुक्यात आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं आहेत, पण किन्हवली-डोळखांबच्या माणसाला त्या स्टेशनापर्यंत पोचायलाही चाकं लागतातच. त्यामुळे इथली स्कूटर हौसेची वस्तू राहिलेली नाही. सकाळी तिच्यावर दुधाचे कॅन असतात, दुपारी पेंडेची गोणी, संध्याकाळी मागे बायको आणि पुढे पाय ठेवायच्या जागेत पोर. शहरात एकट्या माणसाला ऑफिसला नेण्यासाठी बनलेल्या या गाडीकडून इथे छोट्या टेम्पोचं काम घेतलं जातं, आणि मग दोन तक्रारी एकदमच सुरू होतात. गाडी चढाला ओढत नाही, ही एक. ॲव्हरेज देत नाही, ही दुसरी. दोन्हींवर गॅरेजात एकच डबा उघडला जातो, डाव्या बाजूचा बेल्टचा. पिकअप हवं तर त्यातल्या पुलीत हलके रोलर, ॲव्हरेज हवं तर जड रोलर, असा सरळ हिशेब सांगितला जातो. माझा आक्षेप या हिशेबालाच आहे. रोलरचं वजन बदलून या दोन गोष्टींपैकी फार तर एक मिळते, तीही थोडी, आणि तिची किंमत दुसरी मोजते. दोन्ही एकदम मिळवून देणारा उपाय त्याच डब्यात आहे, पण तो बदल करण्याचा नाही, झिजलेलं मूळ मापावर आणण्याचा आहे.

ही यंत्रणा आपल्याकडे आली त्याला चाळीस वर्षं झाली. १९५८ साली हॉलंडमध्ये हुब व्हान डोर्ने यांच्या डाफ कंपनीने रबरी बेल्ट आणि उघडमिट करणाऱ्या पुल्यांवर चालणारी छोटी मोटार आणली. तेच तत्त्व १९८४ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर भारतीय स्कूटरमध्ये आणलं. त्याआधी १९७२ पासून बजाज चेतकचं राज्य होतं. चेतकच्या डाव्या मुठीत चार गिअर होते, आणि चढ आला की खालचा गिअर टाकायचा निर्णय चालवणारा घेई. कायनेटिक होंडाने आणि नंतर २००१ मध्ये आलेल्या ॲक्टिव्हाने तो निर्णय माणसाच्या हातातून काढून घेतला. आता तो पुढच्या पुलीत बसलेले बहुधा सहा छोटे रोलर घेतात. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात, पुलीचा एक फेस दुसऱ्याकडे सरकतो, बेल्ट पुढे वर चढतो, मागच्या पुलीत खाली उतरतो आणि गाडी वरच्या गिअरकडे जाते. मागच्या पुलीतली काँट्रा स्प्रिंग याच्या उलट ओढत असते. रोलर म्हणतात वर जा, स्प्रिंग म्हणते थांब. गाडीचा सगळा स्वभाव या दोघांच्या ओढाताणीत ठरतो. यात कुठेही वायर नाही, सेन्सर नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष आले, कार्बोरेटर गेला, पेट्रोलचं माप इसीयू या इलेक्ट्रॉनिक मेंदूच्या ताब्यात गेलं, पण हा डबा मात्र पूर्वीसारखाच निव्वळ यांत्रिक राहिला. पूर्वी मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून गाडी ‘सेट’ करून देत. तो स्क्रू गेल्यावर हात चालवायला हाच डबा उरला, म्हणून रोलर बदलण्याची टूम एवढी वाढली असावी, असं मला वाटतं.

आता हलक्या रोलरने होतं काय ते पाहू. रोलर बाहेर फेकणारा जोर त्याच्या वजनाच्या पटीत वाढतो आणि इंजिनच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. याचा अर्थ असा की रोलरचं वजन १० टक्क्यांनी उतरवलं, तर तेवढाच जोर मिळवायला इंजिनला साधारण ५ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर जी गाडी गिअर वर नेत होती ती आता ६३०० वर नेईल. एकशेदहा सीसीच्या स्कूटरचं इंजिन पावणेआठ अश्वशक्तीच्या आसपास ताकद देतं, आणि ती पूर्ण ताकद मिळते ती ८००० फेऱ्यांच्या जवळ. त्यामुळे फेरे वाढले की हाताशी येणारी ताकद थोडी वाढते, गाडी उचल घेते, हे खरं आहे. मिस्त्री खोटं सांगत नाहीत. पण ही उचल कशातून आली ते नीट बघायला हवं. इंजिन तेच, पेट्रोल तेच, सुरुवातीचा सगळ्यात खालचा गिअर आणि शेवटचा सगळ्यात वरचा गिअरही तेच, कारण ती दोन टोकं पुल्यांच्या आकाराने ठरतात, रोलरच्या वजनाने नाही. रोलर फक्त मधला प्रवास कधी करायचा ते ठरवतो. हलका रोलर तो प्रवास उशिरा करतो, म्हणजे मधल्या वेगात इंजिन जास्त फिरत राहतं. फेरे ५ टक्के वाढले म्हणून पेट्रोल तितकंच वाढतं असं नाही, थोडं कमी वाढतं, पण वाढतं हे नक्की. जड रोलरचं याच्या उलट. तोकडी गोधडी डोक्यावर ओढली की पाय उघडे पडायचेच.

मग दोन्ही मिळतं कुठून? बेल्टमधून. या बेल्टचा छेद पाचरीसारखा असतो आणि तो दोन्ही बाजूंनी पुलीच्या तिरक्या फेसवर घासत राहतो. त्या फेसचा उतार असा असतो की बेल्टची रुंदी जेमतेम १ मिलिमीटरने कमी झाली तरी बेल्ट पुलीत सुमारे २ मिलिमीटर खाली बसतो. हातात धरून बघितला तर असा बेल्ट चांगलाच वाटतो, चिरा नाहीत, दोरे सुटलेले नाहीत. पण गाडी सुरू होताना मागच्या पुलीत तो जितका वर हवा तितका वर नसतो, म्हणजे खालचा गिअर पुरेसा खाली मिळत नाही आणि चढावर उचल कमी पडते. सपाटीला वेग घेतल्यावर पुढच्या पुलीतही तो पूर्ण वर पोचत नाही, म्हणजे वरचा गिअर पुरेसा वर मिळत नाही आणि त्याच वेगाला इंजिन उगाच जास्त फिरतं. एकाच झिजेने पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही खाल्लं. रोलरचंही तसंच. एकाच ठिकाणी घासून त्याला सपाट खाच पडली की तो फिरत नाही, घसरतो, अडकतो, आणि गाडी गचके देत गिअर बदलते. त्यात त्याचा व्यास कमी झालेला असल्याने पुढची पुली पूर्ण मिटत नाही. अशा गाडीत मूळ वजनाचे नवे रोलर आणि मूळ मापाचा नवा बेल्ट घातला की मालकाला वाटतं गाडीत काहीतरी जादा ताकद भरली. भरलेलं काही नसतं. कंपनीतून निघाली होती तेवढीच ती परत झालेली असते. हलके रोलर घातल्यावर ‘काय पळते गाडी’ म्हणून जे कौतुक होतं, त्यातला मोठा वाटा रोलर हलके असण्याचा नसून नवे असण्याचा असतो, असा माझा दाट संशय आहे. जुने झिजलेले काढून नवे हलके घातले की दोन बदल एकदम होतात आणि श्रेय एकालाच जातं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की कंपनीचं माप म्हणजे वेदवाक्य आहे का? मुळीच नाही. बीएस-६ च्या धूर आणि इंधनाच्या चाचण्या चाचणीयंत्राच्या रोलरवर उभ्या केलेल्या गाडीवर, ७५ किलोच्या एका स्वारासाठी धरलेल्या हिशेबाने होतात. त्या चाचणीत चढ नसतो, पेंडेची गोणी नसते, टोकावड्याच्या पुढचा माळशेज घाटाचा रस्ता नसतो. कंपनीला आवाज, धूर, बेल्टचं आयुष्य आणि जाहिरातीतला आकडा हे सगळं एकाच मापात बसवायचं असतं, तेही देशभरच्या गिऱ्हाइकांसाठी. म्हणून ज्याची गाडी रोज ओझं घेऊन चढच चढते, त्याने मूळ वजनापेक्षा थोडेसेच हलके रोलर घालणं यात तर्क आहे, हे मान्य करायला हवं. चढावर इंजिन तसंही जवळपास पूर्ण ताकदीवर चालत असतं, तिथे फेरे थोडे वाढल्याने पेट्रोलचं नुकसान फारसं होत नाही, आणि कमी फेऱ्यांवर इंजिनला रडवत नेण्यापेक्षा ते बरंही. उतारावरही थोडा फायदा होतो, कारण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरत असल्याने ते गाडीला जरा जास्त धरून ठेवतं. पण अशा गाड्या किती? मुरबाडहून कल्याणला रोज जाणाऱ्याचा बहुतेक रस्ता सपाट किंवा सौम्य चढ-उताराचा आहे. त्याच्यासाठी हलका रोलर म्हणजे रोजच्या प्रवासात जास्त पेट्रोल आणि जास्त आवाज, आणि बदल्यात सिग्नलवरून चार फूट पुढे निघणं. सिग्नल तरी इथे किती आहेत!

जड रोलरचा सल्ला मला याहून वाईट वाटतो. सपाटीला चाळीस-पन्नासच्या वेगाने, मूठ हलकी ठेवून चाललेल्या गाडीचा व्हेरिएटर, म्हणजे ही रोलर-पुलीची यंत्रणा, बहुतेक वेळा वरच्या टोकाच्या जवळ पोचलेला असतो. तिथे जड रोलरला वाचवायला फारसं काही उरत नाही. उलट चढ लागला की ही गाडी वरच्या गिअरमध्येच अडकून बसते, मालक मूठ आणखी पिळतो, बेल्ट घसरतो, डबा तापतो. पेट्रोल वाचवायला केलेला बदल पेट्रोल आणि बेल्ट दोन्ही खातो. मुळात चढाचं पेट्रोल कुठल्याच रोलरने वाचत नाही. माळशेजचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. त्यातली ५०० मीटरचीच उंची धरू. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून २६० किलो एवढं वर नेण्यासाठी जी ऊर्जा लागते, तिच्यासाठी इंजिन आणि बेल्टमधली घट धरून सुमारे २०० मिलिलिटर पेट्रोल जळतंच. हे नुसतं वर उचलण्याचं झालं, वारा आणि रस्त्याचं घर्षण वेगळं. ओझं कमी करा, तरच हे कमी होईल. घाट उतरताना ते पेट्रोल परत मिळवण्यासाठी गाडी बंद करून सोडणारे लोक आहेत. इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत मूठ मिटल्यावर इसीयू पेट्रोल तसंही तोडतो, त्यामुळे बचत जवळपास शून्य. वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिनचा धरून ठेवण्याचा आधारही जातो. मग सगळा भार १३० मिलिमीटरच्या दोन ड्रम ब्रेकवर, आणि किल्ली चुकून पुढे फिरली तर हँडल लॉक. असल्या बचतीला बचत म्हणू नये.

दुसरा आक्षेप महामार्गावरचा आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. कल्याण-नगर रस्त्यावर आणि शहापूरच्या बाजूला मुंबई-नाशिक महामार्गावर ट्रक-ट्रेलर अखंड चालतात. ओव्हरटेक करताना गाडीत दम नसेल तर जिवाशी खेळ होतो, म्हणून पिकअप म्हणजे सुरक्षितताच, असं तरुण मुलं म्हणतात. पण वर पाहिलं तसं १० टक्के वजन उतरवून इंजिनचे फेरे ५ टक्के वाढतात, ताकद त्याहूनही कमी वाढते. ट्रेलरच्या लांबीएवढं अंतर कापताना याने मिळणारा वेळ सेकंदाच्या हिशेबातही जेमतेम भरतो. ज्या ओव्हरटेकला एवढ्याशा फरकाची गरज पडते, तो करायचाच नसतो. आणि रोलरच्या मागोमाग कडक काँट्रा स्प्रिंग, कडक क्लच स्प्रिंग, मग मोठा सिलिंडर अशी माळ लागते. काँट्रा स्प्रिंग कडक केली की गाडी चढावर खालच्या गिअरला पटकन येते हे खरं, पण बेल्टवर कायमचा दाब वाढतो, घर्षण वाढतं आणि बेल्ट लवकर जातो. क्लच स्प्रिंग कडक केली की गाडी सुटतानाच इंजिन जास्त फिरतं, क्लच शू तापतात, मुंगीच्या वेगाने चाललेल्या बाजारातल्या गर्दीत तर जास्तच. सिलिंडरपर्यंत गेलात तर तो कायद्याचा प्रश्न होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक नियमबाह्य बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. रोलरचं वजन आरसी बुकात लिहिलेलं नसतं, त्यामुळे तिथे कोणी तपासायला येणार नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हात वर करायला हे कारण पुरतं.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि ग्रामीण भागात तोच खरा. चांगला बेल्ट महाग, गल्लीतला स्वस्त. हलके रोलर तर किरकोळ किमतीत मिळतात. मग मूळ मापाचा बेल्ट कोण घालणार? इथे साधा हिशेब करू. मुरबाड-कल्याण जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १५०० किलोमीटर. ४५ चं ॲव्हरेज धरलं तर ३३ लिटर पेट्रोल. समजा झिजलेल्या बेल्टमुळे आणि रोलरमुळे ५ टक्के जास्त जळतंय. म्हणजे दीड-पावणेदोन लिटर, आणि लिटरचा भाव शंभरीच्या वर असताना महिन्याला पावणेदोनशे रुपयांच्या आसपास. बेल्ट-रोलरचा अस्सल संच काही महिन्यांत स्वतःचे पैसे परत करतो. त्यापेक्षाही स्वस्त गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. डबलसीटसाठी मागच्या चाकात जास्त हवा सांगितलेली असते. गाडीवर ती पट्टी चिकटवलेली असते, तरी हवा बघतो कोण. चिकटून चालणारा मागचा ब्रेक, उन्हाळ्यात धुळीने बंद झालेला एअर फिल्टर, बिघडलेला टॅपेट. यातली कुठलीही एक गोष्ट रोलरच्या ग्रॅमभर वजनापेक्षा जास्त पेट्रोल खाऊ शकते.

मुरबाड-शहापूरचं हवामानही या डब्याच्या विरोधात आहे. पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी असतं, उल्हास नदीवरच्या रायते पुलाची तर दर पावसाळ्यात धास्ती असते. अशा पाण्यातून गाडी नेली की बेल्टच्या डब्यात पाणी शिरतं आणि इंजिन ओरडत असूनही गाडी जागची हलत नाही, कारण ओला बेल्ट घसरतो. पाणी ओसरल्यावर गाडी पुन्हा चालू लागते आणि मालक ते विसरतो. पण चिखलाची बारीक रेती फेसवर राहिलेली असते आणि ती नवा बेल्टही खाते. उन्हाळ्यात काम धूळ करते. म्हणून पुस्तिकेत बेल्ट बदलायला जे वीस-पंचवीस हजार किलोमीटर सांगितलेले असतात, ते डांबरी शहरातले समजावेत. इथे डबा पावसाळा संपल्यावर एकदा उघडायला हवा, तोही साफ करण्यासाठी, रोलर बदलण्यासाठी नव्हे. इलेक्ट्रिक स्कूटरना हा बेल्ट-रोलरचा व्हेरिएटर नसतो आणि शून्यापासून भरपूर ओढ असते, पण ज्या गावात वीज किती तास राहील याची खात्री नाही तिथे हा डबा अजून बरीच वर्षं राहणार.

कंपन्यांनी यात एक गोष्ट करायला हवी. रोलरचं मूळ वजन, बेल्टची नवी रुंदी आणि तो कोणत्या रुंदीला बाद धरायचा ही तीन मापं मेकॅनिकच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, पण मालकाच्या हातात पडणाऱ्या पुस्तिकेत ती सहसा नसतात. ती तिथे, मराठीत छापायला काय जातं? मग म्हसा किंवा सरळगावच्या छोट्या गॅरेजवाल्यालाही ती मिळतील आणि अंदाजाचा धंदा थांबेल. तोवर हे काम गिऱ्हाइकालाच करावं लागेल. पुढच्या वेळी मिस्त्री म्हणाले की हलके रोलर टाकू, गाडी पळेल, तर त्यांना एवढंच सांगा: आधी जुना बेल्ट काढा, व्हर्निअर लावून माझ्यासमोर मोजा, नव्याचं माप शेजारी लिहा आणि रोलरला खाच पडली आहे का ते दाखवा. फरक दिसला तर मूळ वजनाचे रोलर आणि अस्सल बेल्ट घाला, एक टाकी चालवा आणि मग ठरवा.